डोकऱ्यांच्या मंडळाची घटना

चि. ईशा आणि चि. निखिल यांस,

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं आणि मलाही जड नव्हतं. पण ज्या एका शब्दामुळे मी सुरगाण्याला गेले, तो इंग्रजीत नेला की त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून मराठीत लिहिते आणि हाताने लिहिते. तुमच्या बाबांनी मला ई-मेल शिकवलं आहे, पण इथल्या सायबर कॅफेत मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. अडेल तिथे आईला विचारा.

शब्द आहे 'घटना'. काहीतरी घडतं ती घटना. कुणाच्या गाडीला अपघात झाला, कुणाच्या घरी चोरी झाली, की वर्तमानपत्रात 'घटना' म्हणून येते. आणि एखादी संस्था कशी चालवायची, सभासद कोण होऊ शकतं, अध्यक्ष कसा निवडायचा, याचे लिहून ठेवलेले नियम, त्यांनाही घटनाच म्हणतात. देशाला घटना असते, तशी संस्थेलाही असते.

आजोबा गेल्यापासून मी दर बुधवारी नाशिकमधल्या एका संस्थेच्या कचेरीत कागदपत्रं लावायला जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा सरकारने लहान स्वयंसेवी संस्थांच्या बळकटीकरणाची एक योजना काढली. कार्यकारिणीला प्रशिक्षण, दप्तर ठेवायला कपाट आणि वर्षभरासाठी एका कामगाराचं मानधन, असं तिचं स्वरूप. नोंदणी झालेली नसली तरी अर्ज करता येत होता. मात्र सात जणांची कार्यकारिणी आणि संस्थेची घटना जोडणं आवश्यक होतं. जिल्ह्यातले अर्ज आधी आमच्या कचेरीत तपासले जायचे. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून अर्ज आला, तो माझ्या वाट्याला आला. अर्ज व्यवस्थित भरलेला. सोबत जोडलेल्या कागदावर मथळा होता 'संस्थेची घटना', आणि खाली हे लिहिलं होतं:

'होळीला माणसं द्राक्षाच्या बागेवरून परत आली. बोरगावच्या फाट्यावर जीप बदलली. तेव्हा यमुना, वय वर्षे पाच, चुकून दुसऱ्या जीपमध्ये बसली. ती जीप गुजरातकडे गेली. तीन दिवस मुलगी सापडली नाही. तिकडच्या लोकांनी तिला बापाचं नाव विचारलं, ती म्हणाली दादा. गावाचं नाव विचारलं, ती म्हणाली घर. मग एका बाईने आजीचं नाव विचारलं. ती म्हणाली जिवली. जिवली जिवली विचारत एक दुकानदार तिला घेऊन आला. त्या दिवशी आम्ही म्हाताऱ्यांनी ठरवलं की कामाला जाणाऱ्यांनी जावं, पोरं आमच्यापाशी राहतील. ही आमच्या संस्थेची घटना आहे.'

मी ते दोनदा वाचलं. मग मनात आलं, तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही माझं नाव काय सांगाल? तुम्ही मला आज्जी म्हणता. बाकी नाव तुमच्यासमोर कुणी घेतच नाही.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. पाड्यावर फोन नव्हता. मंडळाला काय हवं होतं ते अर्जात स्पष्ट होतं. दिवाळीनंतर गावातली तरणी माणसं दिंडोरी-निफाडकडे बागांवर जातात ती होळीला परततात. त्या काळात बावीस मुलं आज्यांकडे राहतात. त्यांना शाळेच्या वेळेवर दोन वेळचं शिजवून घालायला एक बाई हवी होती. ती मिळाली नाही तर यंदा आज्यांना ते झेपणार नव्हतं, आणि मुलं आईबापांबरोबर बागेवर जाणार होती. आमच्या कचेरीतल्या तरुण मंडळींना त्या आठवड्यात उसंत नव्हती. मी म्हटलं, मी जाते.

मंगळवार

इंदिरानगरहून रिक्षाने जुन्या स्टँडवर आणि तिथून एसटीने वणीमार्गे. पिशवीत कार्बन पेपर, आखीव कागद, स्टँप पॅड, चष्म्याची जादा जोडी आणि नमुना घटनेची छापील प्रत. ती मी घरी दोनदा वाचून पेन्सिलने खुणा केल्या होत्या.

दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा लागतात. छाटणी नुकतीच झालेली, त्यामुळे मांडवावर नुसते काड्यांचे जाळे दिसत होते. बागांच्या कडेला निळ्या प्लास्टिकची पालं होती. एका पालासमोर एक सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर मूल घेऊन उभी होती. मूल तिच्या मानाने फार मोठं होतं, ते घसरत होतं आणि ती ते गुडघ्याने वर सारत होती. या रस्त्याने मी पूर्वीही गेले आहे. पालं दिसली असतीलच. मुलगी मी त्या दिवशी पाहिली.

वणी सोडली की घाट सुरू होतो आणि देश बदलतो. काळी जमीन जाते, तांबडी येते. डोंगरउतारावर खुरासणी, म्हणजे आपला कारळा, फुलली होती. तिचं पिवळं सूर्यफुलासारखं भडक नसतं. लांबून पाहिलं तर डोंगरावर ऊन पडलंय असं वाटतं, आणि आभाळ तर भरलेलं. खालच्या खाचरांतून भात वाकलेला होता.

सुरगाण्याला उतरले तर, एसटीबरोबर पाठवलेला निरोप मिळून, घ्यायला मंगला आली होती. मंगला पाड्यावरच्या बालवाडीची ताई, दहावी पास, मंडळाचं सगळं लिहिणं तिच्याकडे. ती घटना तिनेच लिहिलेली. मी तिला अजून काही बोलले नव्हते, तरी तिचा चेहरा उतरलेला होता.

"मॅडम, माझं काहीतरी चुकलंय ना? नाहीतर तुम्ही कशाला आला असता?"

"चुकलं नाही. सरकारला दुसरी घटना हवी आहे."

"दुसरी?" ती विचारात पडली. "दुसरी तशी झालीच नाही हो काही."

पुढचा तासाभराचा रस्ता जीपचा. मी आत डोकावले तर पाय ठेवायला जागा नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुमी पुढं बसा. पुढं चारच हायेत." मी पाचवी झाले. ड्रायव्हर स्वतः दाराबाहेर अर्धा लोंबकळून गाडी चालवत होता आणि मलाच सांगत होता, "नीट बसा, पडाल." कागदांची पिशवी मी मांडीवर घेतली होती. एका चढावर मागच्या बाईच्या टोपलीतली कोंबडी सुटली, ती माझ्या पिशवीवर येऊन बसली आणि उतरेपर्यंत तिथेच राहिली. आखीव कागदांचे वरचे चार त्यात गेले.

उतरायची सोय जिवलीबाईंकडे होती. जिवलीबाई म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष. वय विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्याएवढीच असंल, पन मी जास्त वापरलीय." घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, मला वाटलं त्याहून कितीतरी गार. गुळाचा कोरा चहा दिला. रात्री नागलीची भाकरी, उडदाची घट्ट आमटी आणि खुरासणीची चटणी. आपल्याकडे पाहुण्याला वाढताना 'अजून एक घ्या' म्हणून आग्रह करतात. इथे कुणी म्हणत नाही. भाकरीची टोपली तुमच्यासमोर ठेवून सगळे दुसरीकडे बघतात. मला ते फार बरं वाटलं. यमुना, तीच हरवलेली, आता आठ वर्षांची आहे. ती माझ्यासमोर बसून माझं घड्याळ बघत होती. आजीने हाक मारली की 'ओ' द्यायच्या आधी ती उठून चालायलाच लागे.

बुधवार

सभा शाळेच्या ओसरीवर भरली. डोकरी म्हणजे म्हातारी. पाड्यावर मंडळाला सगळे 'डोकऱ्यांचं मंडळ' म्हणतात आणि डोकऱ्यांना त्याचा राग नाही. मी सतरंजी, वही, हजेरी अशा कल्पनेने गेले होते. त्या सुपं घेऊन आल्या. नवे उडीद आले होते, ते पाखडता पाखडताच सभा. सुरुवातीला मला त्या आवाजात बोलणं कठीण गेलं. मग ध्यानात आलं की सभेचं सगळं कामकाज त्या आवाजावरच चालतं. आपण हात वर करून मत देतो. इथे सुपं हलत असली की मान्य. एखादीला पटलं नाही की तिचं सूप थांबतं. मग बाकीच्या तिच्याकडे बघतात आणि तिला बोलावं लागतं.

योजनेचं नाव मी वाचून दाखवलं. पारूबाई म्हणून एक होत्या, तोंडाने तिखट. त्या म्हणाल्या, "बळकटीकरण म्हंजे बाळंतिणीला देतात तसलं काय देनार का?"

"तुला कशाला? तुझी बाळंतपनं सरली," जिवलीबाई म्हणाल्या.

"म्हनूनच. तवा कुनी दिलं नाय."

मी एकेक कलम वाचत गेले, सोप्या शब्दांत सांगत गेले, त्यांचं म्हणणं ऐकून पुन्हा लिहीत गेले. नाव आणि पत्ता सहज झालं. उद्देश झाला. शेवटचं कलम मी मुद्दाम आधी घेतलं, कारण ते कायद्याला लागतंच आणि त्यात चर्चेसारखं काही नाही असं मला वाटलं. कलमाचं नाव 'संस्थेचे विसर्जन'.

सगळी सुपं एकदम थांबली.

"आत्ता तर बसवतोय," पारूबाई म्हणाल्या. "लगेच विसर्जन?"

"दीड दिवसाची का धा दिवसांची?" दुसरी कुणीतरी म्हणाली, आणि ओसरीवर असं हसू उसळलं की शाळेतली मुलं खिडकीशी आली. मी समजावून सांगितलं की संस्था कधी बंद करावी लागली तर तिच्या वस्तूंचं काय करायचं, एवढंच ते आहे. जिवलीबाईंनी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "लिवा. पातेली शाळेला द्यायची. पन आमी मेल्यावर."

ते मी तसंच लिहिलं, फक्त 'मेल्यावर' बदललं.

मग कलम तीन, सभासदत्व. नमुन्यात होतं, 'अठरा वर्षे पूर्ण झालेली व संस्थेचे उद्देश मान्य असलेली कोणतीही व्यक्ती.'

"कोनती बी?" जिवलीबाईंनी विचारलं.

"हो. तसंच असतं सगळीकडे."

"उद्देश मान्य व्हायला काय लागतंय? मान हलवली की झालं. मान तर समदीच हलवत्यात. सरपंच बी हलवतो." त्यांनी सूप खाली ठेवलं. "जिनं आपल्या पोरांची पोरं बागेवर जाऊ दिली नाय, आपल्यापाशी ठेवली, ती आमची. दुसरी नाय."

बाकीची सुपं हलत होती. फक्त कडेला बसलेल्या एका बाईचं थांबलं होतं. ती सोनीबाई. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी सकाळपासून पहिल्यांदाच थांबलेल्या सुपाकडे कुणी बघितलं नाही, हे मला जाणवलं, पण मी लिहिण्यात गुंतले होते. मी लिहिलं: 'जी आजी दिवाळी ते होळी या स्थलांतराच्या काळात आपल्या नातवंडांना गावी स्वतःजवळ ठेवील, तीच सभासद होण्यास पात्र राहील.' वाचून दाखवलं. वाक्य चांगलं उतरलं होतं आणि मला त्याचं समाधान वाटलं.

दुपारी कार्यकारिणीची नावं घ्यायला बसले तेव्हा अडचण कळली. अर्जात सात नावं होती. त्यातल्या काळीबाई अर्ज भरल्यानंतर, श्रावणात वारल्या. उरल्या सहा. सातवी हवीच, आणि कार्यकारिणीबाहेरची आजी पाड्यावर एकच उरली होती. मंगलाने सोनीबाईंकडे पाहिलं.

"माझी सुनी जानार हाय," सोनीबाई कुणाकडे न बघता म्हणाली. सुनी म्हणजे सुनीता, तिची नात, नऊ वर्षांची, चौथीत. "तिचा भाऊ दोन वर्षांचा हाय. आईबाप बागंत असताना त्याला कोन धरंल? तिलाच न्यावं लागतंय." तिने उडीद फडक्यात बांधले आणि ती निघून गेली.

गुरुवार

सकाळी मी तोडगा काढून ठेवला होता. जिवलीबाई चुलीपाशी होत्या, मंगला कागद घेऊन आली होती. मी म्हटलं, "सातवं नाव माझं घाला. मी आजी आहे, माझं वय झालं आहे, नाशिकला कागद लागले तर सहीला मी जवळ आहे. आज दुपारी निघाले की उद्या अर्ज दाखल."

मंगलाचा जीव भांड्यात पडला. जिवलीबाईंनी फुंकणी खाली ठेवली.

"तुमाला नातवंडं किती?"

"दोन. एक मुलगी, एक मुलगा."

"कुठं असतात?"

"अमेरिकेत. विमानाने एक दिवस आणि एक रात्र लागते."

"त्यांचे आईबाप कामाला गेले तिकडं?"

"हो."

"आन पोरांना संगं घेऊन गेले."

"हो."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणून तुम्हाला सांगते. "मंग तुमची बी बागेवरच गेली म्हना."

मंगला खाली बघत होती. तुमचं घर मी फोटोत पाहिलं आहे, बर्फात उभ्या असलेल्या लाल बूट घातलेल्या ईशाला पाहिलं आहे, आणि त्याला बाग हा शब्द लावायचा कधी विचारही केला नव्हता.

"कलम तुमीच लिवलं, बाई," जिवलीबाई पुढे म्हणाल्या. "तुमच्यात ते बसत नाय. आन दुसरं सांगू? तुमी सही केली की कागद पुरा होतो. मंग सोनीला इचारायला कोन जाईल? कुनाला गरजच नाय. सुनी जाईल बागेवर."

"पण अर्जच गेला नाही तर बावीसच्या बावीस जातील."

"ते बी खरं हाय," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून उठल्या. "चला तर."

सोनीबाईंच्या अंगणात तिचा मुलगा दशरथ विळ्याला धार लावत होता. सून हिरा धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. सुनी दारात, पाटी पुसत. जिवलीबाईंनी कसलीच प्रस्तावना केली नाही.

"दशरथ, सुनीला ठेवून जा."

"आन ह्याला?"

"त्याला बी."

"मी धरीन दोघांना," सोनीबाई घरातून म्हणाली. ती बाहेर आली तेव्हा मला दिसलं की हे ती रात्रभर म्हणत असणार, कारण दशरथने मान वर केली नाही. "मी कवाचं सांगते."

"मला काय इचारता, हिला इचारा," दशरथ म्हणाला.

सगळ्यांनी हिराकडे पाहिलं. ती मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "दूध तुटलंय त्याचं," ती म्हणाली. "खाईल तो आजीपाशी. ऱ्हाईल बी. मलाच ऱ्हायाचं होनार नाय. दिवाळी ते होळी, लय दिवस हायेत."

जिवलीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठल्या तोंडाने बोलणार? तुम्ही निघालात तेव्हा तुमच्या आईने मला विचारलं होतं, की आम्ही दोघं स्थिरस्थावर होईपर्यंत मुलांना सहा महिने तुझ्याकडे ठेवू का? हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. निखिल तेव्हा अडीच वर्षांचा होता. मी म्हटलं होतं, नाही, मुलं आईबापांजवळच हवीत, घेऊन जा. तेव्हा ते मला पूर्ण खात्रीने वाटलं होतं. त्या अंगणात मी नेमकं त्याच्या उलट बोलायला का आले होते, हे माझं मलाच नीट सांगता येईना.

मी हिराला विचारलं, "बागेत सुट्टी कधी असते?"

"अवसेला. अवसेला बाग बंद."

"दर अमावास्येला मुलांना तुझ्याकडे आणलं तर? जीपने सकाळी, आणि संध्याकाळी परत."

"कोन आनंल?"

"मंडळ," जिवलीबाई म्हणाल्या.

"तुमी आज म्हनता. पौषात थंडी पडली की ऱ्हाईल," हिरा म्हणाली. तिला बोलण्यावर विश्वास नव्हता, आणि का असावा? मी पिशवी उघडली. अंगणातच, पाटावर कागद ठेवून, कलम सहा लिहिलं: 'दर अमावास्येस मुलांची त्यांच्या आईवडिलांशी कामाच्या ठिकाणी भेट घडवून आणणे ही संस्थेची जबाबदारी राहील.' मंगलाने ते हिराला मोठ्याने वाचून दाखवलं. हिराने पुन्हा वाचायला लावलं.

"हे सरकारला जानार?"

"जाणार. यावर शिक्का बसणार."

हिराने मुलाचं अंगडं नीट केलं. मग तिने मूल उचललं आणि सासूच्या हातात दिलं. मूल रडलं. हिरा आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सोनीबाईंनी मूल कडेवर तसंच ठेवून, दुसऱ्या हाताने अंगठा दिला. तीन प्रती, तीन ठिकाणी. शाई पुसायला मी फडकं पुढे केलं, तर तिने ते मुलाचं नाक पुसायला वापरलं.

मधे एक कलम वाढल्याने पुढचे सगळे आकडे बदलले, तेव्हा दुपारपर्यंत मी पुन्हा तीन प्रती करत बसले. जीप हुकली. संध्याकाळच्या जीपमध्ये सातवी झाले.

शुक्रवार

वणीला मुक्काम करून मी साडेदहाला नाशिकच्या सरकारी कचेरीत हजर होते. खिडकीवरचे गृहस्थ सटाण्याकडचे असावेत, शेजारच्याशी त्यांच्या बोलीत बोलत होते. त्यांनी कागद चाळले.

"मॅडम, एकच गोष्ट दोनदा लावली आहे. जोडपत्र अ, संस्थेची घटना. जोडपत्र ब, संस्थेची घटना."

"दोन्ही वेगळ्या आहेत. बघा वाचून."

त्यांनी अ वाचलं. कलम तीनपाशी थांबले. "आजी म्हणजे आईची आई की वडिलांची आई? स्पष्ट नाही. उद्या कुणी हरकत घेईल."

"दोन्ही."

"मग तसं लिहा."

मी समासात 'आईकडील अथवा वडिलांकडील' लिहिलं आणि बाजूला आद्याक्षरं घातली. मग त्यांनी ब उघडलं, मंगलाच्या हातचं. ते वाचायला त्यांना वेळ लागला. मागे रांग होती. शेजारच्याने विचारलं, "काय शे रे?" त्यांनी कागद नीट जुळवले, टाचणी लावली.

"ब लागत नाही खरं तर," ते म्हणाले. "पण राहू द्या."

शिक्का मारून पोच दिली. त्यावर आलेली तारीख आणि वेळ मी तिथेच तपासली.

मंजुरीचं पत्र दिवाळीच्या तीन दिवस आधी आलं. स्वयंपाकाला पारूबाईंची विधवा भाची लागली आहे. दशरथ आणि हिरा पाडव्यानंतर गेले, सुनी आणि धाकटा मागे राहिले. पहिल्या अमावास्येला मीच दिंडोरीच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले, कलम सहा पाळलं जातं का ते बघायला. जीप आली. तिच्यातून ज्यांचे आईबाप दिंडोरीकडे होते ती आठ मुलं आणि सोनीबाई उतरल्या. धाकट्याने हिराला पाहून आधी तोंड फिरवलं, सोनीबाईंच्या खांद्यात घातलं. हिरा हात पुढे करून उभी राहिली. तिने घाई केली नाही. मग तो तिच्याकडे गेला.

परत निघताना मी सोनीबाईंना एक गोष्ट विचारून घेतली, तीच तुम्हाला कळवण्यासाठी हे सगळं लिहिलं. आपल्या घटनेप्रमाणे कार्यकारिणी सात ते अकरा जणींची आहे. म्हणजे चार जागा मोकळ्या आहेत. तुम्ही दोघं येऊन माझ्याकडे राहिलात तर कलम तीन मला लागू होतं. अडचण एकच आहे. त्यात काळ दिवाळी ते होळी असा आहे, 'गावी' असा शब्द आहे, आणि तुमची मोठी सुट्टी असते जूनमध्ये. पण दुरुस्ती करता येते. तिला दोन तृतीयांश बहुमत लागतं, म्हणजे सातपैकी पाच जणी. जिवलीबाई नाही म्हणतील असं धरून मी चालले आहे. राहिलेल्या सहांमधल्या पाच मिळवायच्या आहेत. सोनीबाई हो म्हणाल्या आहेत.

तिकिटं काढण्याआधी तारखा कळवा.

तुमची,
आज्जी